काय बदललं आणि काय मोजलं

(नांदूरघाट, ता. केज, जि. बीड येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचा विषय मानसशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच येऊन जातो. प्रयोग करणारा जो घटक स्वतः बदलतो तो स्वाश्रयी चल. त्या बदलामुळे जे बदलतं आणि जे आपण मोजतो तो आश्रयी चल. काही पुस्तकांत यांनाच स्वतंत्र चल आणि परतंत्र चल म्हटलेलं असतं. परीक्षेत या व्याख्येला दोन गुण मिळतात आणि पेपर झाला की मुलं ती विसरतात. मला ती आज गावात आणायची आहे. या दोन चलांची अदलाबदल झाली की माणसावर खोटा आळ येतो, आणि असा आळ आपल्या भागात रोज कुणावर ना कुणावर येत असतो.

आपण बोलताना काय म्हणतो ते पाहा. "त्याचं डोकंच चालत नाही, म्हणून तो कर्जात बुडाला." "त्या वस्तीवरच्या पोरांना गणित येतच नाही." "पोरीच्या पत्रिकेतच विद्या नाही, शिकवून काय उपयोग?" या प्रत्येक वाक्यात एक कारण आहे आणि एक परिणाम आहे. कोणतं कारण आणि कोणता परिणाम हे बोलणाऱ्याने परस्पर ठरवून टाकलंय. पडताळा कुणीच घेतलेला नाही. पत्रिका, जात आणि पैशाची तंगी या तीन गोष्टींचा बुद्धीशी काय संबंध आहे, यावर गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याच देशात प्रयोग झाले आहेत. त्यांच्याबद्दल मी बोलणार आहे.

पत्रिकेचा प्रयोग महाराष्ट्रातला, पुण्यातला, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा बारकाईने अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून २०० मुलांचे जन्मतपशील गोळा केले होते. त्यांतली १०० मुलं शिक्षकांनी हुशार म्हणून निवडलेली होती आणि १०० मुलं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांतली होती. सगळ्यांच्या पत्रिका संगणकावर तयार करून त्यांना सांकेतिक क्रमांक दिले गेले. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पत्रिका मिळणार होत्या आणि प्रत्येक पत्रिकेपुढे मूल कोणत्या गटातलं आहे एवढंच लिहायचं होतं. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या आणि २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून उत्तरं दिली तरी सरासरी ४० पैकी २० बरोबर येतील. या सत्तावीस जणांचं सरासरी यश ४६ टक्के होतं आणि सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४ होता. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली.

आता विद्यार्थ्यांना विचारतो, यात स्वाश्रयी चल कोणता? जो काटेकोर असेल तो म्हणेल की संशोधकांनी इथे काहीच बदललेलं नाही. मुलं जशी होती तशीच होती. हे म्हणणं बरोबर आहे. मूल कोणत्या गटातलं आहे हा इथे निवडलेला चल आहे, घडवलेला नाही. ज्योतिषाने दिलेलं उत्तर हा आश्रयी चल. तरीही या प्रयोगाचं मोल मोठं आहे, कारण त्यात इतर सगळे दरवाजे बंद केले होते. एरवी ज्योतिषासमोर आई-बाप बसलेले असतात. त्यांचे कपडे, त्यांची भाषा, "हा शाळेत कसा निघेल हो?" असं विचारताना आईचा दाटलेला गळा, हे सगळं त्याला दिसतं आणि ऐकू येतं. त्याचं भाकीत खरं ठरलं तर ते पत्रिकेमुळे ठरलं की आईच्या चेहऱ्यावरून ठरलं, हे सांगता येत नाही. पुण्यात ज्योतिषांपुढे फक्त पत्रिका होती. कोणता क्रमांक कोणत्या मुलाचा हे पत्रिका वाटणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, कारण त्याची नोंद विद्यापीठात वेगळी जपून ठेवलेली होती. एवढी शिस्त पाळल्यावर जे उरलं ते नाण्याच्या फेकीपेक्षा वेगळं नव्हतं. नारळीकरांनी २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात याचा अहवाल प्रसिद्ध केला. दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली आणि नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. या दोघांनी विचारलेला प्रश्न साधा होता आणि तो कुणाचाही अपमान न करता विचारलेला होता, हे मला इथे आवर्जून नोंदवायचं आहे.

दुसरी गोष्ट जातीची. इथे संशोधकांनी एक गोष्ट खरोखर बदलली, म्हणून चल म्हणजे काय हे शिकण्यासाठी हा प्रयोग फार चांगला आहे. उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीतल्या ६४२ मुलग्यांबरोबर तो केला आणि २००४ पासून त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. ३२१ मुलगे तथाकथित वरच्या जातींमधले होते आणि ३२१ दलित होते. सहा-सहाच्या गटात बसवून त्यांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी दिली. कोडी सोडवायला एका फेरीत पंधरा मिनिटं आणि साध्या फेरीत सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया.

काही गटांत मुलांची जात उच्चारलीच गेली नाही. तिथे दलित मुलांनी आणि इतर मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या काही गटांत काम सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. कोडी तीच, वेळ तोच, रुपयाही तोच. तरी दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घसरली आणि दोन गटांत मोठी दरी पडली.

ही दरी जर मुलांच्या बुद्धीत असती, तर जात न उच्चारलेल्या गटांतही ती दिसायला हवी होती. तिथे ती नव्हती. बदललं होतं फक्त एक वाक्य, शिक्षकाच्या जागी बसलेल्या माणसाने मोठ्याने वाचलेलं. कोणता मुलगा कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवलेलं असल्यामुळे, घरची परिस्थिती, आई-वडिलांचं शिक्षण, खाणं-पिणं यांतले फरक दोन्हीकडे विखुरले गेले. म्हणून आपण म्हणू शकतो की घसरण त्या वाक्यामुळे झाली.

समोर शिक्षक बसले आहेत म्हणून इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना, याद्या करताना, "अमुक प्रवर्गातली मुलं उभी राहा" असं भर वर्गात म्हणण्याची सवय अनेक शाळांत आहे. त्यामागे कुणाचा वाईट हेतू नसतो, काम लवकर उरकायचं असतं. पण मुलांच्या डोक्यावर त्या हाकेचा काय परिणाम होतो हे या प्रयोगाने मोजून दाखवलं आहे. ते काम कार्यालयात, एकेका मुलाला बोलावून करता येतं. घटक चाचणीच्या दिवशी तर ते कधीच करू नये.

आता तिसरी गोष्ट, तंगीची. आपल्या जिल्ह्याला ही सर्वांत जवळची आहे, म्हणून इथे जास्त वेळ थांबतो.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांचा एक निबंध आला. त्याचा अर्धा भाग अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एका मॉलमधला होता. तिथे आलेल्या लोकांना विचारलं की तुमची गाडी बिघडली आहे, दुरुस्तीला १५० डॉलर लागतील, तर काय कराल? काहींना हाच प्रश्न १५०० डॉलरचा विचारला. मनात तो प्रश्न घोळत असतानाच त्यांना बुद्धीची चाचणी दिली. इथे रक्कम हा संशोधकाने बदललेला चल होता. मोठ्या रकमेच्या प्रश्नाने गरीब लोकांचे गुण खाली आले आणि श्रीमंतांच्या गुणांत काही फरक पडला नाही.

दुसरा भाग तमिळनाडूतल्या विलुपुरम आणि तिरुवण्णामलै या जिल्ह्यांतला. ५४ गावांतले ४६४ छोटे ऊस उत्पादक शेतकरी, ज्यांचं बहुतेक उत्पन्न उसावर अवलंबून. ऊस शेतकऱ्याला वर्षातून एकदाच पैसा मिळतो हे तुम्हाला मी सांगायला नको. बिल जमा झालं की घर सुखात असतं आणि पुढची तोड येईपर्यंत महिनेच्या महिने ओढाताण असते. तोडीच्या आधी यांतल्या ७८ टक्के शेतकऱ्यांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, तोडीनंतर हे प्रमाण ४ टक्क्यांवर आलं. म्हणजे तोच माणूस, तेच घर, तीच जमीन, आणि वर्षातून एकदा गरीब, एकदा त्यातल्या त्यात सुस्थितीत. संशोधकांनी त्याच माणसाची चाचणी दोन्ही वेळा घेतली. तोडीआधी की तोडीनंतर, हा झाला स्वाश्रयी चल.

मोजलं काय, तेही नीट ऐका. "बुद्धी" अशी मोघम गोष्ट मोजता येत नाही. ती कशी मोजणार हे आधी ठरवावं लागतं आणि मग त्याच्याशी प्रामाणिक राहावं लागतं. त्यांनी दोन चाचण्या घेतल्या. एकीत चित्रांच्या नमुन्यातला गाळलेला तुकडा ओळखायचा, तिला रेव्हनची चाचणी म्हणतात आणि तिला अक्षरओळख लागत नाही. दुसरीत कागदावर '५ ५ ५' असं लिहिलेलं असतं आणि किती अंक आहेत ते सांगायचं. उत्तर 'तीन' आहे, पण जीभ 'पाच' म्हणायला धावते. तिला आवरायला किती वेळ लागतो आणि किती चुका होतात ते मोजायचं. नमुन्यांच्या चाचणीत तोडीआधी दहापैकी सरासरी ४.३५ उत्तरं बरोबर आली, तोडीनंतर ५.४५. अंकांच्या चाचणीला तोडीआधी सरासरी १४६ सेकंद लागले, तोडीनंतर १३१, आणि चुकाही कमी झाल्या.

इथे कुणीतरी हात वर करून विचारेल, दुसऱ्या वेळी सरावानेच गुण वाढले असतील, त्याचं काय? फार रास्त शंका आहे. प्रयोगात जो चल आपण बदललेला नाही पण जो गुपचूप परिणाम घडवू शकतो, त्याला बाह्य चल म्हणतात, आणि चांगल्या संशोधकाची निम्मी मेहनत त्याला अडवण्यात जाते. सरावाची शंका मिटवण्यासाठी त्यांनी १०० शेतकरी आधीच बाजूला ठेवले होते. त्यांची पहिली चाचणी तोडीनंतरच घेतली. दोनदा बसलेल्यांपेक्षा ते मागे पडले नाहीत. दुसरी शंका ऋतूची. तोडीच्या महिन्यात हवा बरी असेल, सण असतील, कामाचा ताण वेगळा असेल. तिला उत्तर साखर कारखान्यानेच देऊन ठेवलं होतं. सगळ्यांचा ऊस एकाच दिवशी गाळता येत नाही म्हणून कारखाना तोडणीचा कार्यक्रम काही महिन्यांत विभागतो. त्यामुळे एकाच महिन्यात एका शेतकऱ्याचा ऊस गेलेला असतो आणि शेजाऱ्याचा उभा असतो. या दोघांची तुलना करता येते. तोडीचा नंबर कधी लागेल म्हणून आपल्याकडे शेतकरी कारखान्याच्या तोडीची चिठ्ठी देणाऱ्या स्लिपबॉयच्या मागे फिरतो. ज्या गोष्टीचा आपल्याला वर्षभर त्रास होतो, तीच त्या संशोधकांना हाताशी आली, हे वाचून मला फार आश्चर्य वाटलं होतं.

म्हणजे "डोकं चालत नाही म्हणून गरीब" हे वाक्य या शेतकऱ्यांपुरतं तरी उलटं निघालं. तंगीच्या दिवसांत डोक्याचा एक हिस्सा सतत गहाणाच्या, व्याजाच्या, दुकानदाराच्या उधारीच्या हिशेबात अडकलेला असतो आणि समोरच्या कामाला उरलेला हिस्सा पुरत नाही. बिल जमा झालं की तोच माणूस जास्त हुशार ठरतो. तो कधीच ढ नव्हता.

पण मी इथे थांबलो तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. शेतकऱ्याची तोड कधी येणार हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. या निबंधावर पुढे वाद झाले. २०१६ मध्ये लिअँड्रो कार्वाल्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पगाराच्या दिवसाच्या आधी आणि नंतर गरीब लोकांची चाचणी घेतली आणि त्यांना विचारशक्तीत फरक सापडला नाही. पंधरवड्याच्या पगाराची चणचण आणि वर्षभराच्या पिकाची चणचण सारखी नसते हे माझं मत आहे. ते मत म्हणूनच घ्या. या वादात मला सर्वांत भक्कम वाटतो तो ओडिशातला प्रयोग, सुप्रीत कौर, मुल्लइनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिलबाख यांचा. पत्रावळी करणाऱ्या मजुरांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, त्यांनी कमावलेल्या मजुरीचा भाग काही दिवस आधी दिला. दर वाढवला नाही, बक्षीस दिलं नाही, फक्त दिवस बदलला. पैसे हातात आल्यावर मजुरांनी देणी फेडली आणि त्यांचं काम सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, जे जास्त गरीब होते त्यांचं त्याहून जास्त. पत्रावळीतल्या चुका कमी झाल्या. इथे तोडीसारखी नैसर्गिक वेळ नव्हती. बदललेला चल एकच होता आणि तो संशोधकांच्या हातात होता.

आता आपल्याकडे या. ऊसतोड कामगारांबद्दल यावरून थेट निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. तमिळनाडूतले ते लोक ऊस लावणारे होते, आपले लोक ऊस तोडणारे आहेत. आपल्या कोयत्याला, म्हणजे त्या नवरा-बायकोच्या जोडीला, उचल आधी मिळते आणि काम नंतर करावं लागतं. हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्या हातून पैसा लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात निघून गेलेला असतो आणि पुढचे पाच-सहा महिने ती उचल फिटते की अंगावर राहते या चिंतेत जातात. शेतकऱ्याच्या तंगीचं वर्ष आणि तोडणाऱ्याच्या तंगीचं वर्ष एकमेकांच्या उलट चालतं. तोडकऱ्याला हिशेब कळत नाही असं म्हणणाऱ्याने त्याला कोणत्या महिन्यात हिशेब विचारला, हे मला आधी जाणून घ्यायचं आहे.

आणि मुलांचं काय? आपल्याकडे काही मुलं आई-बापाबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात. उन्हाळ्यात दोन्हींची परीक्षा घेतली तर राहिलेली मुलं पुढे दिसतील. यावरून वसतिगृहाने मुलं हुशार केली असं म्हणता येईल का? नाही येत. ज्या घरी धडधाकट आजी आहे, थोडी जमीन आहे, आई स्वतः चार इयत्ता शिकली आहे, तीच घरं मूल मागे ठेवू शकतात. वसतिगृह आणि आजी एकमेकांत मिसळून गेली, आता कुणामुळे काय झालं ते सांगता येणार नाही. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं फडावर पाठवणं तर कुणाच्या मनातही येऊ नये.

मग मोजायचं कसं? याचं उत्तर मुंबईच्या महापालिका शाळांनी दिलं आहे. 'प्रथम' या संस्थेने तिथे बालसखी नेमल्या, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली, ज्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि अंकगणित शिकवत. २००१ नंतर अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडेन यांनी मुंबईत आणि बडोद्यात याचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. युक्ती अशी की काही शाळांत बालसखी तिसरीला दिली आणि काही शाळांत चौथीला, कोणत्या शाळेत कोणती इयत्ता हे यदृच्छेने ठरवलं. कोणतीच शाळा मदतीविना राहिली नाही. तरी एका शाळेतली मदत मिळालेली तिसरी आणि दुसऱ्या शाळेतली मदत न मिळालेली तिसरी यांची तुलना करता आली. बालसखी मिळालेल्या मुलांचे गुण वाढले आणि मागे असलेल्या मुलांचे जास्त वाढले. बॅनर्जी आणि डफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं ते अशाच प्रयोगांसाठी, मायकेल क्रेमर यांच्यासोबत.

हे केज तालुक्यात करता येण्यासारखं आहे. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, फडावरून परत आलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात दोन तासांचा वर्ग, काही शाळांत तिसरीला आणि काही शाळांत चौथीला, चिठ्ठ्या गावासमोर टाकून. पहिली चाचणी दसऱ्याच्या आधी, तोडकऱ्यांच्या टोळ्या निघायच्या आत घ्यावी लागेल, नाहीतर कोण कुठून सुरू झालं ते नंतर कळणार नाही. दुसरी चाचणी मुलं परतल्यावर वर्ग सुरू व्हायच्या दिवशी, तिसरी वर्ग संपल्यावर. प्रश्नपत्रिका तपासणारे शिक्षक दुसऱ्या केंद्रातले असावेत आणि कोणत्या वर्गाला मदत मिळाली हे त्यांना माहीत नसावं. मुलाच्या नावापुढे जात लिहिण्याची गरज नाही, आणि चाचणीच्या दिवशी ती विचारूही नये. दोन पानांचा आराखडा मी लिहून आणला आहे. तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी कार्यक्रम संपल्यावर थोडा वेळ थांबावं, म्हणजे कोणत्या शाळा घ्यायच्या हे आजच बोलता येईल.